खर्ज कुठे कापायचा? मेटलसाठी ट्यूब अँप निवडताना

गिटारची सगळ्यात जाड तार घ्या. उजव्या तळहाताची कड ब्रिजवर हलकेच टेकवा आणि प्लेक्ट्रमने तार खालच्या दिशेने मारा. तळव्याच्या दाबामुळे तार वाजते न वाजते तोच थांबते आणि स्पीकरमधून जड पेटी फरशीवर आपटावी तसा एक ठोका निघतो. मेटल वाजवणारी मुलं त्याला ‘चग’ म्हणतात. वेगवान गाण्यात हे ठोके सेकंदाला सात-आठ पडतात. अँप चांगला असेल तर प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, दोन ठोक्यांमधली बारीकशी फटसुद्धा कानाला जाणवते. तसा नसेल तर सगळ्याचं पिठलं होतं. आवाज प्रचंड असतो, पण वाजवलेलं काहीच कळत नाही.

पहिला ट्यूब अँप घ्यायला निघालेल्या मुलांशी बोलताना मला नेहमी दोन प्रश्न ऐकू येतात: किती वॉट, आणि गेन किती? दोन्ही आकड्यांना अर्थ आहे, पण मेटलचा आवाज त्यांच्यावर ठरत नाही. डिस्टॉर्शन सुरू होण्याआधी अँप खर्ज किती कमी करतो, यावर तो ठरतो. ऐकायला हे उलटं वाटतं. जड आवाज हवा तर खर्ज वाढवायला हवा, असंच कुणालाही वाटेल. उलट का करावं लागतं हे कळायला व्हॉल्व्हच्या पोटात शिरावं लागेल.

ब्रिटिश ज्याला व्हॉल्व्ह म्हणतात त्यालाच अमेरिकन ट्यूब म्हणतात. आपल्याकडे रेडिओमुळे व्हॉल्व्ह हा शब्द रुळला. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसू लागायचा आणि मग आकाशवाणी बोलू लागायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. असे व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनत. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत कॅथोड तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या प्लेटला शेकडो व्होल्टचा धन दाब दिलेला असतो, त्यामुळे ते तिकडे धावतात. 1906 साली ली डी फॉरेस्टने या दोघांच्या मध्ये तारेची एक जाळी बसवली, तीच ग्रिड. उसाला दारं धरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. मोटरचं सगळं पाणी पाटातून धो धो येत असतं, पण ते कुठल्या सरीत किती जायचं हे त्याच्या फावड्यावरची ढेकळभर माती ठरवते. गिटारच्या पिकअपमधून येणारा क्षीण सिग्नल म्हणजे ते फावडं. तो ग्रिडवर हलतो आणि त्याच्या तालावर प्लेटकडचा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो.

गिटार अँपमध्ये सिग्नल वाढवणारा नेहमीचा व्हॉल्व्ह म्हणजे 12एएक्स7. युरोपात त्याचं नाव ईसीसी83. एका काचेत असे दोन टप्पे बसवलेले असतात आणि एक टप्पा सिग्नल साधारण पन्नास पट वाढवतो. दोन टप्पे एकामागून एक लावले तर अडीच हजार पट, तीन लावले तर सव्वा लाख पट! पण प्लेटला मिळणारा पुरवठा दोनशे-तीनशे व्होल्टचाच असतो. दार पूर्ण उघडल्यावर आणखी पाणी कुठून येणार, आणि पूर्ण बंद केल्यावर त्याहून बंद काय करणार? म्हणून लाटेचा वरचा आणि खालचा भाग सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात आणि कानाला जे डिस्टॉर्शन ऐकू येतं ते हेच. प्रत्यक्षात दोन टप्प्यांच्या मध्ये बराचसा सिग्नल मुद्दाम वाया घालवतात, तरीही तीन-चार टप्प्यांनंतर मूळ लाट ओळखू येत नाही. ‘हाय गेन’ म्हणजे असे अनेक टप्पे ओळीने लावणं, एवढाच त्याचा अर्थ.

लाट सपाट झाली की तिच्यात मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हाही त्याला हेच हवं असतं. घोडीचा माथा आणि त्यावरचा धागा असा जमवायचा की तार नुसती न वाजता असंख्य उपस्वरांनी भरून यावी. पद्धत निराळी, पण तारेचा सरळ साधा स्वर मोडून त्यातून नवे स्वर काढायचे हा ध्यास एकच. दुसरं साम्य तर मला फार आवडतं. मेटलच्या रिफमध्ये, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणाऱ्या सुरावटीत, ज्याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात त्यात दोनच स्वर असतात: षड्ज आणि पंचम. तंबोऱ्यावर असतात तेच!

याला कारण आहे. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. गिटारची मोकळी जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंपते, तिचा पंचम सुमारे 123 वेळा. वजाबाकी 41, म्हणजे त्याच षड्जाच्या खालच्या सप्तकातला षड्ज. जी तार गिटारवर नाहीच तिचा भास अँप तयार करतो. हीच करामत पूर्ण मेजर कॉर्डवर, म्हणजे षड्ज-पंचमाबरोबर गंधारही घेऊन, करून पाहा. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा असतो. मग त्या बेरजा-वजाबाक्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि आवाज घुसमटतो. पंचम मात्र पडद्यांवरही जवळजवळ शुद्ध असतो, म्हणून तो या भट्टीतून शाबूत बाहेर येतो.

आता खर्जाकडे येऊ. गिटारच्या सिग्नलमध्ये सगळ्यात ताकदवान भाग असतो जाड तारांच्या मूळ स्वरांचा. तो तसाच व्हॉल्व्हमध्ये गेला तर त्या मोठ्या, मंद लाटेनेच दार उघडतं आणि मिटतं. तिच्या पाठीवर बसलेले बारीक स्वर, म्हणजे प्लेक्ट्रमची टकटक, तारेची खरखर, प्रत्येक ठोक्याची सुरुवात, सगळं त्या लाटेबरोबर चिरडलं जातं. त्यात वजाबाकीचे गढूळ स्वर मिसळतात. म्हणून खर्ज आधी कापायचा, मग मोडतोड करायची आणि हवा तेवढा खर्ज शेवटी परत मिसळायचा. मेटलच्या पन्नास वर्षांत अँप बदलले, देश बदलले, पण हा क्रम टिकून आहे.

सुरुवात बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी या गिटारवादकापासून करायला हवी. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तीही तारा दाबणाऱ्या हाताची. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या आणि पुढे 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममध्ये गिटार तीन अर्धस्वर उतरवून वाजवली. त्याच्यामागे लेनी कंपनीचा ट्यूब अँप असे, आणि गिटार व अँप यांच्यामध्ये ‘रेंजमास्टर’ नावाची छोटी पेटी. एकाच ट्रान्झिस्टरची ही पेटी खर्ज गाळून फक्त वरचे स्वर जोराने पुढे ढकलते. ज्या माणसाच्या आवाजाला जग जडपणाचं मूळ मानतं, त्याच्या वाटेवरचं पहिलं यंत्र खर्ज कमी करणारं होतं.

मार्शलची गोष्टही तीच. जिम मार्शल हा ड्रम शिकवणारा माणूस, त्याचं दुकान पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला. 1962 साली त्याच्या माणसांनी अमेरिकन ‘फेंडर बेसमन’ समोर ठेवून जेटीएम45 बनवला. पुढे मार्शलच्या लीड अँपमध्ये पहिल्याच टप्प्यात एक बारीक बदल झाला. फेंडर जिथे 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावे, तिथे 0.68 मायक्रोफॅरडचा आला. बोटाच्या पेराएवढा हा भाग खालचे स्वर कमी वाढवतो, मधले-वरचे पूर्ण वाढवतो. मार्शलची ती चिरपरिचित गुरगुर घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. 1981 मध्ये जेसीएम800 ही मालिका आली आणि तिच्यातला 2203 हा शंभर वॉटचा अँप थ्रॅश मेटलचा आधार झाला. स्लेयरच्या केरी किंगच्या नावाने मार्शलने त्याची खास आवृत्तीही काढली. आजच्या मोजमापाने मूळ 2203 मध्ये गेन कमी आहे, पुढे एखादा बूस्टर लावावाच लागतो. पण त्याच्याइतकं स्वच्छ ‘मोडलेलं’ वाजणारे अँप फार थोडे आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवून गेलेला अँप म्हणजे मेसा बूगीचा मार्क टू सी प्लस. कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथची ही रचना 1980 च्या दशकाच्या मध्यावरची. मेटॅलिकाच्या 1986 च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधला दगडी भिंतीसारखा रिदम आवाज याच अँपशी जोडला जातो. याच्या पुढ्यात नवखा माणूस बसवला की तो हमखास फसतो. बेसचं बटण अर्ध्यावर नेतो आणि आवाज चिखल होतो. मग तो गेन वाढवतो आणि चिखल आणखी दाट होतो. मार्कमध्ये बेस, मिड, ट्रेबलची बटणं डिस्टॉर्शनच्या आधी येतात. तिथे बेस शून्याच्या आसपासच ठेवायचा असतो. उजवीकडे पाच सरकत्या पट्ट्यांचा इक्वलायझर असतो: 80, 240, 750, 2200 आणि 6600 हर्ट्झ. तो डिस्टॉर्शनच्या नंतर लागतो. दोन्ही टोकांच्या पट्ट्या वर, मधली 750 ची खाली, असा इंग्रजी ‘व्ही’ केला की आधी काढलेला खर्ज परत येतो, तोही न चिरडलेला, गोल आणि घट्ट. एकाच अँपवर खर्जाची दोन बटणं, एक नदीच्या उगमाशी आणि एक मुखाशी. हा फरक हाताला कळला की पुढचा कुठलाही अँप पाच मिनिटांत ओळखीचा होतो.

1987 मध्ये माइक सोल्डानोचा एसएलओ-100 आला आणि रचना पुन्हा फिरली. यात टोनची बटणं सगळ्या डिस्टॉर्शननंतर येतात. मधल्या एका टप्प्याचा व्हॉल्व्ह मुद्दाम जवळजवळ मिटलेल्या अवस्थेत ठेवलेला असतो, त्यामुळे लाटेची एक बाजू दुसरीच्या आधी कापली जाते आणि आवाजाला धार येते. 1990 च्या दशकातल्या दोन मोठ्या अँपवर या रचनेची छाप स्पष्ट दिसते. एक मेसाचा ड्युअल रेक्टिफायर, दुसरा गिटारवादक एडी व्हॅन हेलनसाठी पीव्ही कंपनीने 1992 मध्ये काढलेला 5150. व्हॅन हेलन पीव्हीपासून वेगळा झाल्यावर तोच अँप 6505 या नावाने विकला जाऊ लागला. 5150 कोरडा, खरखरीत, तोंडावर येणारा. रेक्टिफायर रुंद, खालून फुगलेला आणि थोडा सैल. संथ, जड रिफला तो सैलपणा शोभतो, वेगवान रिफला नाही.

म्हणूनच या दोन्ही अँपच्या पुढे ‘ट्यूब स्क्रीमर’ नावाचा हिरवा पेडल लावायची प्रथा पडली. तो मुळात ब्लूज वाजवणाऱ्यांत लोकप्रिय, सौम्य डिस्टॉर्शनचा. मेटलवाले त्याचं ड्राइव्हचं बटण शून्यावर ठेवतात आणि लेव्हल पूर्ण उघडतात. म्हणजे पेडलकडून डिस्टॉर्शन नकोच असतं. पेडलच्या आत सुमारे 720 हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरत जाणारी गाळणी आहे, ती हवी असते. आयोमीच्या पेटीने 1970 मध्ये जे केलं तेच हा पेडल आज करतो. हजारो डॉलरच्या अँपपुढे हा छोटा डबा का, असा प्रश्न पडलेल्यांनी तो पायाने बंद-चालू करत जाड तारेवर चग मारून पाहावा.

मग निवडायचा कोणता? मी आधी विचारतो, गिटार किती उतरवणार? नेहमीची जाड तार 82 हर्ट्झची. ती ‘बी’पर्यंत उतरवली की 62 हर्ट्झच्या खाली जाते. जितकं खाली जाल तितका अँप आपणहून घट्ट हवा. जर्मनीच्या एंगल आणि डीझल कंपन्यांचे अँप किंवा 5150 च्या वंशातले अँप तिथे कामाला येतात. जुन्या धाटणीचं हेवी मेटल वाजवायचं, गिटार उतरवायची नाही, सोलो गाता यायला हवेत, तर मार्शलचं घराणं आणि एक बूस्टर पुरेसा आहे. त्यासाठी चार चॅनेलचा जर्मन अँप घेणं मला पैसे वाया घालवणं वाटतं. शेवटच्या टप्प्यातले पॉवर व्हॉल्व्हही पाहावेत. ईएल34 मधल्या पट्टीत गुरगुरतो, 6एल6 खाली जास्त भक्कम आणि वर जास्त कोरडा. पण हा फरक लोक सांगतात तेवढा मोठा नाही.

मोठा फरक स्पीकरचा आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. तो मध्ये नसेल तर हाय गेन अँपचा आवाज काचेच्या बरणीत कोंडलेल्या माशीसारखा लागतो. मेटलमध्ये सर्वाधिक दिसणारा स्पीकर सेलेस्टियनचा बारा इंची व्हिंटेज 30. वरच्या मधल्या पट्टीत तो थोडा पुढे येतो, त्यामुळे ड्रम आणि बेसच्या गर्दीतूनही गिटार ऐकू येते. पाठ बंद असलेल्या, जाड प्लायवुडच्या कॅबिनेटमध्ये तो असावा. मधल्या दर्जाचा अँप उत्तम कॅबिनेटवर वाजवलेला मी नेहमी उत्तम अँप आणि खोक्यासारख्या कॅबिनेटच्या जोडीपेक्षा वरचढ ऐकला आहे.

वॉटचा हिशेब साधा आहे. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. म्हणजे शंभर वॉटचा अँप दहा वॉटच्या दुप्पटच वाजतो. व्हिंटेज 30 एका वॉटवर एक मीटर अंतरावर सुमारे 100 डेसिबल देतो. पंधरा वॉटवर हाच आकडा 110 च्या पुढे जातो. आपल्याकडे निवासी भागाची दिवसाची कायदेशीर मर्यादा 55 डेसिबल आहे! शंभर वॉटचं काम वेगळं. खालचे ठोके वाजवायला सगळ्यात जास्त ताकद लागते आणि ती शिल्लक असेल तरच शेवटचा टप्पा न दमता त्यांना घट्ट धरतो. स्टेजवर आणि मोठ्या जॅमरूममध्ये त्याला पर्याय नाही. पण फक्त फ्लॅटमध्ये, हेडफोनवर वाजवायचं असेल तर मी स्पष्ट सांगतो, चांगला डिजिटल मॉडेलर घ्या. ट्यूब अँप अर्ध्या खोलीत आणि पाव आवाजात कोंडून ठेवण्यात सुख नाही.

विजेचं मात्र डोळ्यात तेल घालून पाहायला हवं. अमेरिकेतून कुणी नातेवाईक अँप आणून देणार असेल तर तो 120 व्होल्टचा असतो, आपली वीज 230 ची. काही अँपचा ट्रान्सफॉर्मर आतून बदलून जोडता येतो, काहींना बाहेरून स्टेप-डाउन लावावा लागतो आणि तो अँपच्या गरजेपेक्षा चांगला मोठा असावा. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अँप कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून तो जळू शकतो. स्पीकरसाठी गिटारची केबल वापरू नये, ओहमचा आकडा जुळवावा आणि मागचं झाकण स्वतः उघडू नये. अँप बंद करून प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट साठलेले राहू शकतात, आणि ते जीवघेणे असतात.

एकदा पुण्यातल्या आमच्या जॅमरूमवर, पावसाळ्यात, प्रत्येक ठोक्यामागे बारीक घंटानादासारखा एक स्वर येऊ लागला. गिटार बदलली, केबल बदलली, पेडल काढले, तरी तो जाईना. शेवटी अँप चालू ठेवून मागच्या उघड्या बाजूने लाकडी पेन्सिलच्या रबराच्या टोकाने एकेक छोटा व्हॉल्व्ह हळूच टिचकवला. पहिल्यावर हलकी टकटक. दुसऱ्यावरही तेवढीच. तिसऱ्याला टोक लागलं आणि स्पीकरमधून ‘टिंऽऽग’ असा स्वच्छ नाद घुमला. आतली ग्रिड सैल झाली होती आणि व्हॉल्व्ह मायक्रोफोनसारखा वागत होता. गेन जितका जास्त, तितका हा दोष मोठा ऐकू येतो, त्यातही पहिल्या टप्प्यात. तो एक व्हॉल्व्ह बदलला आणि घंटा थांबली. तेव्हापासून एक जादा 12एएक्स7 मोज्यात गुंडाळून गिटारच्या बॅगेत असतो.

दुकानात जाताना आपलीच गिटार न्यावी, ज्या सुरात वाजवतो त्याच सुरात लावलेली. सगळी बटणं मध्यावर, गेन चारवर. जॅमरूममध्ये ठेवतो तेवढा आवाज करू द्या म्हणून विनंती करावी, कारण कुजबुजत्या आवाजात सगळेच अँप सारखे वाटतात. सोलो शेवटी. आधी जाड तारेवर चग, संथ, मग दुप्पट वेगाने, आणि मध्येच हात झटकन थांबवून अँप किती लवकर गप्प होतो ते ऐकायचं. मग गेन तीनवर आणून पुन्हा तेच. पैसे देण्याआधी अँप फिरवून मागची पट्टी वाचावी: 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ.